काचेतले शेत आणि विषाणूंचे पीक

टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आपण सारे मेळाव्यांचे आणि प्रदर्शनांचे मैदान म्हणून ओळखतो. त्या नावात 'व्हॅक्सिन' कोठून आले, असे मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या तासाला विचारतो, तेव्हा फार थोडे हात वर होतात. देशात देवीची लस मोजक्या ठिकाणी तयार होत असे, त्यांत बेळगावची व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट होती. लस करण्याची जुनी रीत आजच्या विद्यार्थ्यांना जरा अघोरीच वाटेल. वासराच्या, रेडकाच्या किंवा मेंढीच्या अंगावरचे केस भादरावयाचे, कातडीवर ओरखडे काढून त्यांत लशीचा विषाणू चोळावयाचा, आणि पाच-सहा दिवसांनी फोड भरले की ते खरवडून घ्यावयाचे. त्या खरवडीत विषाणूबरोबर जनावराच्या कातडीचे तुकडे आणि जीवाणूही येत. ते मारण्यासाठी ग्लिसरिन वापरीत.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की एवढा खटाटोप कशासाठी? विषमज्वराचा जीवाणू मांसरसाच्या अगारवर रातोरात वाढतो, मग विषाणू का वाढू नये? याचे उत्तर आपल्या सर्वांना पाठ असते, पण त्याचे परिणाम फारसे लक्षात घेतले जात नाहीत. विषाणूजवळ स्वतःचे आनुवंशिक द्रव्य आणि त्याभोवतीचे प्रथिनांचे कवच याखेरीज फारसे काही नसते. ऊर्जा तयार करण्याची सोय नाही, प्रथिने जुळविणारे रायबोसोम नाहीत. ही सारी यंत्रसामग्री तो जिवंत पेशीची वापरतो. बियाणे कितीही उत्तम असले तरी ते फरशीवर रुजत नाही. विषाणूला जिवंत पेशीचीच जमीन हवी. आणि जमीन बदलली की पीक बदलते. कोणती पेशी निवडली यावर विषाणू वाढणार की नाही, आणि वाढला तरी आपल्याला दिसणार की नाही, या दोन्ही गोष्टी ठरतात. माझ्या मते या विद्येचा सारा इतिहास या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतो. पाठ्यपुस्तके मात्र पहिलीवरच थांबतात.

फार काळ ही जमीन म्हणजे अख्खे जनावरच होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावरची 'पोटातली चौदा इंजेक्शने' घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून केलेली असे, आणि मेंदूचा अंश लशीत राहिल्याने काही रुग्णांना पक्षाघातासारखे विकार होत. आपल्या देशात २००५ पासून ती वापरात नाही. आज दिली जाते ती पेशीसंवर्धनातून केलेली लस. मधला टप्पा कोंबडीच्या अंड्याचा. १९३१ साली गुडपाश्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलित अंड्यातील गर्भाच्या पडद्यावर कोंबड्यांच्या देवीचा विषाणू वाढवून दाखविला. अंडे स्वस्त, आतून निर्जंतुक, आणि वर स्वतःचे कवच! इन्फ्लुएंझाची बरीचशी लस आजही अंड्यांतच होते.

परंतु अंड्यात किंवा जनावरात नेमके काय चालले आहे ते आपल्याला पाहता येत नाही. त्यासाठी पेशी काचेत आणाव्या लागल्या. रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या गर्भातील चेतातंतू लसिकेच्या लोंबत्या थेंबात वाढताना दाखविले, आणि १९१३ मध्ये स्टाइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या डोळ्याच्या पारपटलाच्या तुकड्यांत देवीच्या लशीचा विषाणू जोपासला. म्हणजे कल्पना जुनी आहे. ती मार्गी लागण्यास आणखी तीन-साडेतीन दशके गेली, आणि याचे एक साधे कारण जीवाणू. पेशींसाठी केलेला पौष्टिक द्रव जीवाणूंनाही पौष्टिकच असतो, आणि पेशी दिवसातून एकदा दुभागत असेल तर जीवाणू वीस-तीस मिनिटांत दुभागतो. शर्यत कोण जिंकणार हे सांगावयास नको. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन हाती आल्यावर हा पेच बराच सुटला.

प्रत्यक्ष कृती वर्णनाला सोपी आहे. कोंबडीच्या नऊ-दहा दिवसांच्या गर्भाचे किंवा एखाद्या प्राण्याच्या मूत्रपिंडाचे बारीक तुकडे करून ते ट्रिप्सिनमध्ये ढवळतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिने ट्रिप्सिन तोडते आणि पेशी सुट्या होतात. त्या धुऊन, मोजून, पोषक द्रवात मिसळून चपट्या बाटलीत ओततात. या द्रवात क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे असतात. शिवाय वासराच्या गर्भाच्या रक्ताचे सिरम घालतात, कारण पेशींना वाढीचा इशारा देणारे घटक त्यात असतात. बाटली ३७ अंश सेल्सिअसला आडवी ठेवली की पेशी तळाच्या काचेला चिकटतात, पसरतात, दुभागतात आणि काही दिवसांत एका थराची अखंड फरसबंदी तयार होते. द्रवात फिनॉल रेड हे रंगद्रव्य असते. पेशी जगू लागल्या की आम्ल तयार होते आणि लालसर द्रव पिवळट होत जातो. अनुभवी माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी बाटलीचा रंग पाहतो.

फरसबंदी पूर्ण झाली की पुन्हा ट्रिप्सिन देऊन पेशी उचलावयाच्या आणि दोन-तीन बाटल्यांत वाटून द्यावयाच्या. आमच्या खानापूर भागातील विद्यार्थ्यांना हे सांगावे लागत नाही: दाट झालेला भाताचा तरवा उपटून मोकळ्या वाफ्यात लावणी करावी, तसाच हा प्रकार. मात्र अंगातून थेट काढलेल्या पेशींची अशी लावणी अनंत काळ चालत नाही. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली दाखविले, की मानवी गर्भाच्या पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होऊन थांबतात. न थांबणारे पेशीवंश बहुधा कर्करोगाच्या गाठीतून किंवा काचेतच बदलून गेलेल्या पेशींतून मिळतात.

आता विषाणू. जुना द्रव काढून टाकावयाचा, विषाणूचा थोडा द्रव पेशींवर तासभर ठेवावयाचा, म्हणजे तो पेशींना चिकटतो, आणि मग कमी सिरमचा ताजा द्रव घालावयाचा. सिरम कमी अशासाठी, की त्यात विषाणूला अडविणारी द्रव्ये असू शकतात.

या विद्येला खरी कलाटणी पोलिओच्या विषाणूने दिली, आणि ती एका चुकीच्या निष्कर्षाला ओलांडून दिली. १९३६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सेबिन आणि ऑलित्स्की यांनी मानवी गर्भाच्या निरनिराळ्या ऊतकांत पोलिओचा विषाणू वाढविण्याचा प्रयत्न केला. तो फक्त मेंदू व मज्जारज्जूच्या ऊतकात वाढला. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता, त्यामुळे पोलिओचा विषाणू केवळ चेतापेशींतच वाढतो हे मत पक्के झाले. लशीची आशा त्याबरोबर मावळली, कारण मेंदूच्या ऊतकापासून केलेली लस माणसाला टोचणे किती धोक्याचे ते रेबीजच्या अनुभवावरून ठाऊक होते. खोट होती ती निवडलेल्या वाणात. तो विषाणू वर्षानुवर्षे माकडांच्या मेंदूतून मेंदूत नेलेला होता. मेंदूत राहून राहून तो मेंदूचाच झाला होता, आणि त्याच्याविषयी काढलेला निष्कर्ष साऱ्या पोलिओ विषाणूंना लावला गेला.

पुढे १९४८ च्या वसंतात बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात टॉमस वेलर कांजिण्यांच्या विषाणूसाठी मानवी गर्भाच्या त्वचेची व स्नायूंची संवर्धने करीत होते. काही बाटल्या उरल्या. जवळच्या शीतकपाटात पोलिओचा लान्सिंग नावाचा वाण ठेवलेला होता. तो त्या उरलेल्या बाटल्यांत घालण्यात आला. जॉन एन्डर्स हे या प्रयोगशाळेचे प्रमुख, फ्रेडरिक रॉबिन्स तिसरे सहकारी. त्यांची एक साधी युक्ती मला फार महत्त्वाची वाटते: ते ऊतक दीर्घकाळ तेच ठेवीत आणि द्रव तेवढा बदलीत. पुनःपुन्हा काढलेला हा द्रव विरल होत जायला हवा होता. तरी तो उंदरांना टोचल्यावर उंदीर लुळे पडतच राहिले. म्हणजे ज्यात चेतापेशी नाहीत अशा ऊतकात विषाणू वाढत होता. १९४९ च्या जानेवारीत हा निष्कर्ष 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९५४ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले.

त्यानंतरचे निरीक्षण माझ्या दृष्टीने तितकेच मोलाचे आहे. विषाणू घातलेल्या बाटल्यांतील पेशी गोल होऊन, आक्रसून मरत होत्या, आणि त्या बाटल्यांचा द्रव लालच राहत होता. निरोगी बाटल्या मात्र पिवळ्या होत होत्या; मेलेली पेशी आम्ल करीत नाही. आतापर्यंत विषाणू आहे की नाही हे ठरविण्यास माकड किंवा उंदीर लुळा पडण्याची वाट पाहावी लागे. आता काचेच्या नळीचा रंग ते सांगू लागला. अवघ्या सहा वर्षांनी, एप्रिल १९५५ मध्ये, साल्क यांची लस वापरासाठी मान्य झाली.

१९५२ मध्ये रेनातो डुल्बेको यांनी या मरणाची मोजदाद करण्याची रीत काढली. पेशींच्या फरसबंदीवर विरल केलेला विषाणू टाकून वर अगारचा पातळ थर द्यावयाचा. एका पेशीतून सुटलेले विषाणू अगारमुळे दूर जाऊ शकत नाहीत. ते शेजारच्याच पेशींना मारतात आणि मेलेल्या पेशींचा एक गोल ठिपका तयार होतो. न्यूट्रल रेड जिवंत पेशींना रंगविते, मेलेला ठिपका रंगहीन राहतो. समजा, मूळ द्रव एक लाख पट विरल केला, त्यातला ०.२ मिलिलिटर घातला आणि ४० ठिपके आले. ४० ला ०.२ ने भागले की २००, आणि एक लाखाने गुणिले की २,००,००,०००. म्हणजे मूळ द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ठिपका पाडू शकणारे दोन कोटी विषाणू. 'ठिपका पाडू शकणारे' हे शब्द परीक्षेत गाळू नका. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले कण याहून कितीतरी अधिक असतात; सगळेच कण पेशी जिंकत नाहीत.

येथवरची कथा यशाची आहे. पण पेशी मेली म्हणजे विषाणू आहे, हे गणित उलटे वाचण्याचा मोह होतो: पेशी ठणठणीत आहे, म्हणजे विषाणू नाही. या उलट्या वाचनाने पोलिओच्या लशीलाच गाठले.

साल्क यांची लस ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत होत असे, आणि ही माकडे हजारोंनी आपल्याच देशातून जात. (१९७८ साली भारताने माकडांची निर्यात बंद केली.) पेशी निरोगी दिसत, फरसबंदी सुरेख जमे. बर्निस एडी या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंना अशा पेशींचा अर्क टोचलेल्या हॅमस्टरांमध्ये गाठी आढळल्या, पण वरिष्ठांनी त्याची तातडीने दखल घेतली नाही. १९६० साली स्वीट आणि हिलमन यांनी ऱ्हीससच्या पेशींतील द्रव आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर घातला, तेव्हा त्या पेशी पोकळ्यांनी भरून फुगू लागल्या. ऱ्हीससच्या पेशींत एक विषाणू निमूटपणे राहत होता. माकडांतील विषाणूंच्या यादीत त्याला चाळिसावा क्रमांक मिळाला, म्हणून तो एस. व्ही. ४०. पोलिओचा विषाणू मारण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅल्डिहाइडला तो पुरता दाद देत नव्हता, आणि १९५५ ते १९६३ या काळात लशीच्या काही घाण्यांबरोबर तो लक्षावधी लोकांच्या शरीरात गेला. त्यातून माणसांत कर्करोग झाला का, याची तपासणी पुढे अनेक वर्षे चालली. २००२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने होय किंवा नाही असे ठामपणे म्हणण्यास पुरावा पुरेसा नाही असा निर्वाळा दिला. लशीवर अविश्वास ठेवण्यासाठी ही हकीकत मी सांगत नाही. पोलिओने लुळी झालेली मुले ज्यांनी गल्लोगल्ली पाहिली आहेत, त्यांना लशीचे मोल पटवावे लागत नाही. लशीसाठी वापरावयाच्या पेशी निरनिराळ्या पेशींवर तपासून घेण्याचे आजचे कडक नियम अशा अनुभवांतून आले आहेत, हे मात्र ठाऊक असावे.

न दिसणाऱ्या विषाणूला उघडे पाडण्याच्या युक्त्याही निघाल्या. जर्मन गोवराचा, म्हणजे रुबेलाचा, विषाणू हिरव्या माकडाच्या पेशींना वरकरणी काहीच करीत नाही. १९६२ साली पार्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आडमार्गाने पकडले. संशयित द्रव घातलेल्या पेशींवर काही दिवसांनी त्यांनी दुसरा, हमखास पेशी मारणारा, एको-११ हा विषाणू सोडला. साध्या बाटलीतील पेशी मेल्या. ज्या बाटलीत रुबेला आधीच ठाण मांडून होता तेथील जगल्या. घरात पहिला भाडेकरू असल्याने दुसऱ्याला शिरता येईना. त्याच वर्षी वेलर आणि नेव्हा यांना मानवी गर्भाच्या पडद्याच्या पेशींत तोच विषाणू सावकाश, पण डोळ्यांना दिसेल अशी हानी करताना आढळला. विषाणू एक, पेशी दोन, आणि चित्रे दोन.

पेशी कोणाची, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. हेला हा पेशीवंश बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीपासून १९५१ साली तयार झाला. तिला कोणी विचारले नव्हते. त्याच वर्षी ती वारली, आणि कुटुंबाला ही गोष्ट कळण्यास वीसेक वर्षे लागली. १९५३ पासून पोलिओच्या कामात या पेशींचा मोठा उपयोग झाला. त्या इतक्या जोमदार, की एखादा थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत गेला तरी मूळच्या पेशींना हुसकावून जागा बळकावतात. १९६६ साली गार्टलर यांनी एका एन्झाइमवरून दाखविले, की वेगवेगळ्या नावांनी वापरात असलेले डझनाहून अधिक पेशीवंश प्रत्यक्षात हेलाच होते. गाजरगवताचा उपद्रव पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये.

आज सर्वत्र दिसणारा व्हेरो पेशीवंश जपानच्या चिबा विद्यापीठात १९६२ साली यासुमुरा आणि कावाकिता यांनी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून सुरू केला. हिरवे मूत्रपिंड या अर्थाच्या एस्पेरांतो शब्दांतून हे नाव घडले आहे. विषाणू आल्याची शेजाऱ्यांना वर्दी देणारे इंटरफेरॉन या पेशी तयार करू शकत नाहीत, म्हणून त्यांत पुष्कळ विषाणू सुखाने वाढतात. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने करोनाचा विषाणू व्हेरो पेशींतच वाढविला, आणि त्याच विषाणूपासून हैदराबादेत कोव्हॅक्सिन तयार झाली, तीही व्हेरो पेशींतच. गोठ्यातल्या लाळ-खुरकताची लस हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या बी. एच. के.-२१ पेशींत होते. या पेशी काचेला न चिकटता मोठ्या टाक्यांत तरंगत वाढू शकतात, त्यामुळे लाखो जनावरांना पुरेल एवढा माल निघतो.

पुण्याची ही संस्था १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा तेथील विषाणू याच केंद्राने ओळखला. कामी आली ती पाळण्यातली उंदरांची पिले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात, आपले कन्नडभाषक मित्र मंगन कायिले म्हणतात. गेल्या दशकात तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही आढळला आहे. हा जिवंत विषाणू वाढविणे उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेचेच काम आहे. आपल्या महाविद्यालयात कोंबडीच्या गर्भाच्या पेशींची विषाणूविना फरसबंदी करून पाहता येईल, आणि तीही जमली तर पुष्कळ शिकविते.

याच केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एक वेगळीच जमीन तयार केली. डेंगी आणि चिकुनगुन्या डासांतून पसरतात, तर डासाच्याच पेशी का वाढवू नयेत? एडिस जातीच्या दोन डासांच्या नुकत्या फुटलेल्या अळ्यांचे तुकडे करून त्यांनी पेशीवंश मिळविले आणि त्याचे टिपण बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये छापले. या पेशींना ३७ अंशांची ऊब लागत नाही, २८ अंश पुरते. इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यातील एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींतून सी ६/३६ हा निवडक वाण काढला, आणि आज जगभरच्या डेंगीच्या प्रयोगशाळांत तो असतो. सिंग यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, ही खेदाची गोष्ट आहे.

डासाच्या पेशी बरेचदा मरतही नाहीत. चिकुनगुन्याचा विषाणू त्यांत वाढतो, द्रवात उतरतो आणि पेशी दुभागत राहतात; डासही विषाणू अंगात बाळगून आरामात जगतोच. त्यामुळे येथे विषाणू शोधावयाचा तो चमकत्या प्रतिपिंडांनी, किंवा द्रव व्हेरो पेशींवर घालून ठिपके मोजून. या गप्प पेशींत आणखी कोणी दडले असेल का, अशी शंका साहजिक आहे. १९७५ साली स्टोलर आणि थॉमस यांनी एडिस इजिप्तीच्या, पेलेग यांनी तयार केलेल्या पेशींवरचा द्रव सिंग यांच्या एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींवर घातला, तेव्हा त्या पेशी एकमेकींत मिसळून मोठमोठे गोळे झाले. पेलेग यांच्या पेशींत एक विषाणू काहीही खूण न दाखविता राहत होता. तो डेंगीच्याच कुळातला निघाला. बरीच वर्षे त्याला प्रयोगशाळेतील बाटल्यांचा रहिवासी मानण्यात आले. २००६ साली पोर्तो रिकोमध्ये मोकळ्यावर पकडलेल्या डासांत तोच सापडला.